पणजीचा पलंग आणि विजेची गिटार

आमच्या शहापूरच्या जुन्या घरात पणजीचा एक शिसवी पलंग होता. काळाभोर, चार माणसांनी उचलला तरच हलणारा. १९८१ च्या पावसाळ्यात तो माजघरातून नाहीसा झाला आणि त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास आमच्या धाकट्या काकांच्या मांडीवर एक काळी, चकचकीत, विजेवर वाजणारी हवाईयन गिटार अवतीर्ण झाली. मी त्यावेळी अकरा वर्षांचा होतो. "पलंगाला वाळवी लागली होती. चांगली निघालेली एक फळी तेवढी वाचवली आणि तिची ही गिटार केली," असे काकांनी आजीला सांगितले. आजी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वाजव बघू."

काकांनी गिटारची तार जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागील ग्रामोफोनच्या खोबणीत खोचली, पोलादी दांडी तारांवर सरकवली आणि एका भावगीताची चाल वाजवली. ती लांबलेली, किंचित थरथरणारी, माणसाच्या गळ्यासारखी मींड ऐकून आजीने पदर डोळ्यांना लावला. "आईंचा पलंग बोलतोय," ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात हे वाक्य रूढ झाले. गणेशोत्सवात गल्लीतल्या मांडवात काकांचा कार्यक्रम असला, की निवेदक न चुकता सांगे, की ही गिटार शंभर वर्षांच्या शिसवाची आहे. आणि श्रोते माना डोलावीत. "शिसवाचा आवाजच निराळा!" पुढे वैद्यकीय शिक्षण झाले, बालरोगतज्ज्ञ म्हणून बेळगावातच व्यवसाय सुरू केला, तरी ही श्रद्धा मी जपली, किंबहुना वाढवली. गाण्याच्या बैठकीत विषय निघाला की मी शिसवाच्या भरीव, गोल, ऊबदार नादावर व्याख्यान देत असे.

त्या श्रद्धेचे पुढे काय झाले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण तत्पूर्वी थोडे विज्ञान आणि थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण विजेच्या गिटारच्या अंगाचे लाकूड तिच्या आवाजाला कितपत घडवते, हा प्रश्न जगभरचे वादक गेली अनेक दशके तावातावाने भांडून सोडवू पाहत आहेत.

आपल्या शेजारच्या मिरजेत जी सतार किंवा जो तंबोरा तयार होतो (२०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले), त्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तंबोऱ्याची तार स्वतः जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक असते की हवेला हलवण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली आणि पंढरपूरच्या बाजूने येणारा भोपळा मिळून हवा हलवतात, आणि आपण जे ऐकतो ते त्या लाकडाचे आणि भोपळ्याचे हलणे असते. तिथे काष्ठ हाच कंठ आहे.

विजेच्या गिटारचे तसे नाही. तारांखाली एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच तिचा कान. ह्या भागाला पिकअप म्हणतात. वरची तार पोलादाची असल्यामुळे चुंबकाच्या सान्निध्यात तीही चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार वेढ्यांत विद्युतप्रवाह उमटतो. तोच पुढे मोठा होऊन भोंग्यातून बाहेर पडतो. ह्या सर्व प्रवासात हवेतून ऐकण्याचा प्रसंगच येत नाही. गिटारसमोर आपण कितीही ओरडलो तरी चांगला पिकअप त्याची फारशी दखल घेत नाही. त्याला फक्त पोलादाचे हलणे कळते. लाकूड शिसवाचे आहे की खोक्याचे, हे त्याला सांगणार कोण?

तरीही लाकडाला अगदीच मज्जाव आहे असे नाही. तारेची दोन्ही टोके कुठेतरी बांधलेली असतात. बांधलेली जागा जर विशिष्ट स्वराला स्वतःही हलू लागली, तर तारेची ऊर्जा तिकडे झिरपते आणि तो स्वर लवकर विझतो. वादक अशा जागांना मृत जागा म्हणतात. जर्मनीतील संशोधकांनी ह्यांचे व्यवस्थित मापन केले आहे आणि दोष बहुतांशी अंगाकडे नव्हे तर मानेकडे जातो असे त्यांना दिसले आहे. मान लांब आणि बारीक असल्यामुळे तीच अधिक डोलते. यंत्राने तार छेडून मोजणी केली तर निरनिराळ्या लाकडांत लहानसहान फरक सापडतात, हेही खरे. परंतु पिकअप तारेपासून एक-दोन मिलिमीटर वरखाली केला, घोडीकडून मानेकडे सरकवला, तारा नव्या चढवल्या किंवा नुसता भोंगा बदलला, तर आवाजात जो फरक पडतो त्यापुढे हा फरक म्हणजे ढोलताशाच्या शेजारी घातलेली फुंकर.

ह्या वाद्याचा इतिहासही लाकडाच्या अभिमान्यांना फारसा अनुकूल नाही. व्यापारी यश मिळवणारी पहिली विजेची गिटार लाकडाची नव्हतीच. जॉर्ज बोशॉम्प आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात बाजारात आणलेली ती गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती. गोल अंग आणि लांब दांडा ह्यामुळे लोक तिला तव्याच्या नावाने ओळखत. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती, म्हणजे आमच्या काकांच्या गिटारची थेट पूर्वज. तिच्यात खोट निघाली ती आवाजाची नव्हे. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर ढळे. म्हणून १९३५ पासून कारखान्याने बॅकेलाइटचेही अंग वापरले. म्हणजे अंगाच्या द्रव्याची पहिली अदलाबदल झाली ती गोडव्यासाठी नव्हे, सूर टिकावा म्हणून.

लेस पॉल ह्या अमेरिकन वादकाची गोष्ट तर मला फार आवडते. १९४० च्या सुमारास त्याने चार इंच जाडीरुंदीच्या पाइनच्या ओंडक्याला मान, तारा आणि पिकअप जोडले. नादाची पोकळी नाही, नक्षी नाही. वखारीतून आणलेली सरळ बल्ली. ती घेऊन तो एका मद्यगृहात वाजवायला गेला तर लोकांनी ढुंकून पाहिले नाही. मग त्याने एक जुनी गिटार उभी चिरली आणि तिचे दोन अर्धे त्या ओंडक्याला पंखांसारखे दोन्ही बाजूंना लावले. आवाजाशी त्या पंखांचा संबंध शून्य. पण त्यानंतर लोकांनी दाद दिली, असे तो स्वतः पुढे सांगत असे.

लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५० मध्ये त्याने ठोकळ्यासारखी सपाट गिटार विकायला काढली. आधीचे नमुने पाइनचे होते, मग अॅश आले, आणि १९५६ च्या सुमारास बऱ्याचशा गिटारींसाठी त्याने आल्डर निवडले. ते मुबलक होते, स्वस्त होते, आणि त्यावर रंग चांगला बसे. गिब्सन कंपनीने १९५२ साली महोगनीच्या अंगावर मेपलचा थर देऊन लेस पॉलच्याच नावाची गिटार काढली. आज ह्या दोन घराण्यांचे अनुयायी आल्डरच्या लखलखाटावर आणि महोगनीच्या गांभीर्यावर ग्रंथ लिहितात. पण दोन्ही गिटारींचे पिकअप निराळे, तारांची लांबी निराळी, घोडी निराळी. दोन कुटुंबांतील मुलांच्या उंचीतील फरक त्यांच्या आडनावामुळे आहे असे म्हणण्यासारखेच हे झाले.

डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या गिटारी तर मॅसोनाइटच्या, म्हणजे आपल्याकडे कपाटाच्या पाठीला लावतात तशा दाबीव पुठ्ठ्याच्या असत, आणि टपाली यादीतून स्वस्तात विकल्या जात. लेड झेपलिनच्या जिमी पेजसारख्या वादकाने त्या मोठमोठ्या रंगमंचांवर वाजवल्या. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार केली. नेड स्टाइनबर्गरने कार्बन तंतूंचे अंग आणून गिटारचे डोकेच छाटून टाकले. आणि क्वीन ह्या ब्रिटिश वाद्यवृंदातील ब्रायन मे ह्याने शाळकरी वयात, १९६३ पासून, वडिलांच्या मदतीने घरीच एक गिटार बनवली. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, अंग ओक आणि ब्लॉकबोर्डचे, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. पुढे खगोलभौतिकीची डॉक्टरेट मिळवलेल्या ह्या गृहस्थाने जवळजवळ सारी कारकीर्द त्याच गिटारवर काढली. (त्याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे सांगितल्यावाचून कोणाही मराठी माणसाला राहवत नाही, मलाही राहवले नाही.)

एवढे सगळे वाचूनही माझी श्रद्धा ढळली नव्हती. शिसव अपवाद असणार, असे मी मनाशी म्हणत असे. आणि शिसवाबद्दल आम्हा बेळगावकरांना अभिमान वाटावा अशी कारणेही आहेत. खानापूर, दांडेलीच्या जंगलांत वाढणारे हे झाड जगभरच्या गिटारींवर बोटांखाली बसलेले आहे. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आली. त्याच्या आधीपासूनच कारखाने भारतीय शिसवाकडे वळले होते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले, ते भारतातून आलेल्या शिसवाच्या आणि अबनूसाच्या पट्ट्यांवरून. वाद असा होता की त्या पट्ट्या भारतीय निर्यात कायद्यानुसार तयार माल ठरतात की नुसते चिरलेले लाकूड. पुढच्या वर्षी, मादागास्करच्या अबनूसाचा मुद्दाही त्यात असल्याने, कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सर्वच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने आवश्यक झाले, तेव्हा खांद्यावर गिटार टाकून परदेशी जाणाऱ्या वादकांचीही धांदल उडाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. झाड मात्र अजूनही धोक्यातच आहे. एखादे लाकूड इतके मौल्यवान ठरते तेव्हा ते खरोखरच वेगळे वाजते का, हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही.

आता वैद्यकाकडे येतो. डोळे बांधून परीक्षा घेण्याची पद्धत आपल्या शास्त्रात रुजली तिची एक सुरुवात चुंबकत्वाशी आणि झाडाशीच निगडित आहे. १७८४ साली मेस्मरच्या तथाकथित प्राणिज चुंबकत्वाची चौकशी करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने आयोग नेमला. त्यात लव्हाझिए होता, डॉ. गिलोटिन होते, आणि अग्रस्थानी वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिनच्या बागेतील एका जर्दाळूच्या झाडात हे चुंबकत्व भरण्यात आले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडामागून झाड कवटाळायला सांगितले. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध होऊन पडला. भारलेले झाड वेगळेच होते. गंमत अशी की ज्या काचेच्या वाद्याचे सूर मेस्मर उपचारांच्या वेळी वापरी, ते वाद्य खुद्द फ्रँकलिननेच शोधलेले होते.

अशीच परीक्षा अलीकडे वाद्यांची झाली. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना गडद चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन जुनी इटालियन, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची, तीन नवी. बहुतेकांनी नव्याला पसंती दिली, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तर साध्या, म्हणजे पोकळ अंगाच्या गिटारी तपासल्या गेल्या. एकाच कारागिराने केलेल्या सहा गिटारी, फरक केवळ पाठीच्या आणि कडांच्या लाकडाचा. त्यांत ब्राझीलचे शिसव होते, आपले भारतीय शिसव होते आणि कितीतरी स्वस्त लाकडेही होती. ५२ वादकांनी मंद प्रकाशात वेल्डरचे चष्मे लावून त्या वाजवल्या. महागड्या लाकडाला त्यांनी काही विशेष गुण दिले नाहीत. जिथे लाकूड खरोखरच गाते तिथे ही गत, तर जिथे ते नुसते तारा धरून उभे असते तिथली काय कथा!

इथे मला स्वतःबद्दल एक कबुली द्यावयाची आहे. आम्हा बालरोगतज्ज्ञांचा कानही तारेच्या नादाशी बांधलेला आहे. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्यांनी १९०९ साली निरोगी मुलांच्या हृदयात ऐकू येणाऱ्या एका निरुपद्रवी मर्मरध्वनीचे वर्णन केले, ते ताणलेली तार छेडल्यावर येणाऱ्या आवाजाची उपमा देऊन. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९९९ मध्ये, खानापूर तालुक्यातून पाच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'हृदयाला छिद्र असण्याचा संभव.' मी आधी चिठ्ठी वाचली आणि नंतर स्टेथोस्कोप लावला. मला छिद्राचाच खरखरीत ध्वनी ऐकू आला. अगदी स्पष्ट. मुलाला धावू देऊ नका, असे मी सांगितले. इकोची तपासणी दूर जाऊन करायची होती आणि त्यांना पैसे जमवायला सव्वा वर्ष लागले. हृदय पूर्णपणे निर्दोष निघाले. अहवाल हातात ठेवून मी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. आणि वाचकहो, आता मला ती तार ऐकू आली. गोड, गुणगुणणारी, स्टिल ह्यांनी सांगितली तशी. ध्वनी तोच होता. मुलाच्या आईने विचारले, "मग आता पळू दे काय ह्याला?" सव्वा वर्ष तो मुलगा शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून होता. तेव्हापासून मी चिठ्ठी उलटी ठेवतो, आधी तपासतो.

पण दवाखान्यात जे शिकलो ते घरात लागू करायला मला आणखी वीसएक वर्षे लागली, तेही मुलीमुळे. काका २०१६ मध्ये गेले आणि गिटार माझ्याकडे आली. मुलगी अभियंता, स्वतः गिटार वाजवणारी. २०२१ साली घरी असताना एके दिवशी माझे शिसवपुराण ऐकून ती म्हणाली, "बाबा, औषधाला तुम्ही डबल ब्लाइंड मागता. ह्याला का नाही?" मी आव्हान स्वीकारले. तिने गिटार आमच्या ओळखीच्या सुताराकडे नेली, सुट्टी केली, आणि तंतोतंत त्याच मापाचे दुसरे अंग यंत्राच्या खोक्यातून निघालेल्या पाइनचे करून आणले. पिकअप तोच, घोडी तीच, खुंट्या त्याच. प्रत्येक अंगाला एकाच जातीच्या नव्या तारा, पिकअपपासून त्यांची उंची पत्र्याच्या पट्टीने मोजलेली. दोन्हींवर तीच एक सुरावट तिने दहा-दहा वेळा ध्वनिमुद्रित केली, आवाजाची पातळी समान केली, आणि वीस तुकड्यांचा क्रम माझ्या पत्नीने फासे टाकून ठरवला.

परीक्षेला मी आणि आपल्याच संघातील तीन मित्र बसलो. एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ आणि एक शस्त्रचिकित्सक; तिघेही गाण्याचे दर्दी. पहिल्या तुकड्यालाच मी 'शिसव' म्हणून छातीठोकपणे लिहिले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी डोळे मिटून घेतले होते. निकाल असा लागला : वीसपैकी माझे ११ बरोबर, भूलतज्ज्ञांचे १२, शस्त्रचिकित्सकांचे १०, आणि ज्यांच्या कानावर आमचा सर्वांत जास्त भरवसा त्यांचे ९. निव्वळ योगायोग नव्हे असे म्हणायला निदान १५ हवे होते. नाणे उडवले असते तरी आमची अब्रू एवढीच राहिली असती. चार श्रोत्यांच्या परीक्षेवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी लगेच बजावले. मुलगी हसली.

"बाबा, अजून एक सांगायचंय," ती म्हणाली. "सुतारकाकांनी गिटार उघडली त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचा निकाल लागेपर्यंत मी मुद्दाम गप्प होते. ते शिसव नाहीच."

तिने ते नुसते अंग माझ्यापुढे ठेवले. पिकअपच्या खाचेत, जिथे पॉलिश पोहोचले नव्हते, तिथे लाकूड तांबूस होते, हलके, सुबक रेषांचे. मी ते उचलले आणि प्रथमच मला जाणवले की ह्यात वजनच नाही. दवाखाना घराच्या खालीच आहे. जाऊन तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवले : १,७०० ग्रॅम. शिसव घनमीटरला आठशे किलोच्या वर भरते. त्या आकाराची शिसवी फळी तीन किलोच्या आसपास जायला हवी होती. रोज बाळांची वजने करणारा मी, अडीच किलोच्या खालचे बाळ हाताने ओळखणारा, चाळीस वर्षे ती गिटार उचलताना 'केवढी भरीव!' म्हणत आलो होतो. कानच नव्हे, हातही चिठ्ठी वाचूनच तपासत होते.

सुताराच्या मते ते तून होते. सतारीला वापरतात ते.

काकू त्यावेळी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी गिटारचे अंग घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते मांडीवर घेतले, खाचेत बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, तुझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं ना मिरजेला, ते वर्ष. पैसे कमी पडले. यांनी पलंग एका फर्निचरवाल्याला दिला. वाळवी कुठली लागतेय शिसवाला! दादांना कळलं असतं तर ऑपरेशनच करून घेतलं नसतं त्यांनी. आणि सासूबाईंना काय सांगायचं? पलंग गेला म्हटलं असतं तर विचारलं असतं, कशासाठी? मिरजेत तीन आठवडे दवाखान्यात बसून होते हे. दुपारी सतारवाल्यांच्या गल्लीत जाऊन बसायचे. तिथल्या एका कारागिराने तुकडा दिला आणि कापूनही दिला. काळं पॉलिश यांनी घरी आणून केलं, रात्री, माडीवर."

वडील त्या शस्त्रक्रियेनंतर २८ वर्षे जगले. आजी १९९४ मध्ये गेली. अखेरच्या आजारात तिने काकांना दोनदा गिटार वाजवायला लावली होती, आणि दोन्ही वेळा मी खोलीत होतो. 'आईंचा पलंग' ती त्याही वेळी म्हणाली होती. तिचे ऐकणे चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्या सुरांत पलंग होताच. फक्त लाकडाच्या वाटेने आलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सुताराचा फोन आला. सगळे पुन्हा जोडून झाले होते, फक्त अंगाला नवे पॉलिश द्यायचे राहिले होते. "साहेब, मूळचा तांबडा रंग लई चांगला दिसतोय. तोच ठेवू काय?" मी काकूंना विचारतो म्हणालो. काकू चहा गाळत होत्या. वळून न पाहताच म्हणाल्या, "काळंच असू दे."